समजा, क्ष

"एकशे आठ?" सासूबाई उडाल्याच. "मुलगी छत्तीसची आणि आई एकशे आठची? जिवंत आहे का गं ती?"

सुनेने जीभ चावली. मशीनवर वही पसरून ती बसली होती. अर्ध्या शिवलेल्या झग्याची बाही वहीवर लोळत होती. आज पेपर. दहावीचं गणित दोनदा राहिलं होतं. या खेपेला सुटलं, तर शिवणवर्गात ती बाई म्हणून उभी राहणार होती. न सुटलं तर... हे वाक्य घरात कुणी पुरं करत नव्हतं.

उदाहरण.

आईचं वय मुलीच्या तिप्पट. बारा वर्षांनी दुप्पट होईल. मुलीचं आजचं वय?

रीत.

३क्ष + १२ = २क्ष + २४

"२क्ष इकडे आणलास, उणे केलास. शाबास. मग बारा तिकडे नेताना काय झोप लागली?" सासूबाईंनी कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि काळ्या अस्तरावर गणित मांडलं. आयुष्यभर त्यांनी गणितच शिकवलं होतं. हल्ली सकाळचं दुपारी आठवत नसे. बीजगणित मात्र जागच्या जागी होतं.

"बरोबरचं चिन्ह म्हणजे उंबरठा. ओलांडला की अधिकचं उणे. तू नाही का या घरात आलीस!"

"आई! मी काय उणे झाले?"

"पहिलं वर्षभर तोंड उघडलं होतंस का? आता बघ, कंस फोडून बाहेर आलीयेस."

सून खुदकन हसली, आणि हसता हसता तिला दिसलं. चोवीस उणे बारा.

"बारा! मुलगी बारा, आई छत्तीस!"

"बारा वर्षांनी?"

"चोवीस आणि अठ्ठेचाळीस! दुप्पट! आई, जमलं!"

नवरा तोंडाला साबण फासलेला तसाच धावत आला. "काय पेटलं?"

"तुझी बायको," सासूबाई म्हणाल्या.

मग थांबतेय कोण! धुतल्यावर पाच टक्के आटणारं कापड, आटून एकशे नव्वद सेंटिमीटर उरायला हवं, तर किती घ्यायचं? दोनशे! डब्यात तीन लाल बटणं, सात पांढरी. न बघता काढलं तर लाल निघण्याची संभाव्यता? तीन छेद दहा! तिने डोळे मिटून हात घातला. पांढरं.

"सातांची बाजू जड असते," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तिघांनी निघायचंच नाही, असं थोडंच आहे?"

पडताळा.

खाली नवऱ्याच्या स्कूटरचा हॉर्न वाजत होता. साडी बदलून, पट्टी-पेन्सिल घेऊन सून दारात आली.

"येते, आई."

सासूबाईंनी वर पाहिलं. नजर तिच्या चेहऱ्यावरून फिरली, कुठेच टेकली नाही.

"तू कोण गं?"

हॉर्न पुन्हा वाजला. सुनेने खडू त्यांच्या हातात ठेवला.

"समजा, क्ष."

म्हातारीचा चेहरा उजळला. "मग काळजी नाही. काढू की किंमत."

सून जिना उतरली. सासूबाईंनी अस्तर नीट पसरलं, ठसठशीत अक्षरात लिहिलं 'क्ष =', आणि पुढची जागा मोकळी सोडून खडू हातात धरून दाराकडे बघत बसल्या.