टाकणखाराच्या काचेखाली

माझा नवरा लामेक आमच्या बालाका गावच्या बाजारात सव्वीस वर्षं सायकलींचे सांगाडे पितळ वितळवून झाळत होता. मी शेजारी बसून नळ्या कानशीनं घासायची, टाकणखार पाण्यात कालवून सांध्याला लावायची. पेटती ज्योत मात्र त्याच्याच हातात.

मे महिन्यात सुईण फुंदानी आली. "आमच्या गावाहून दवाखाना चौदा किलोमीटर," ती म्हणाली. "अडलेली बाई कॅरियरवर बसून कशी जाणार? तिला आडवं नेता येईल अशी लांब सायकल करून द्या." लामेक चार दिवस खपला आणि शनिवारी न्यायला ये म्हणून त्यानं निरोप धाडला.

शुक्रवारी सकाळी मी सांध्यांवर गरम पाण्याची फडकी ठेवली. टाकणखार तापला की आधी लाह्यांसारखा फुलतो, मग वितळून पाण्यासारखा नितळ होतो. तेवढ्यात पितळेची कांडी लावली तर पितळ आत धावतं. निवल्यावर वर काच उरते. ती काढावीच लागते, नाहीतर खाली गंज धरतो. पुढच्या सांध्यावरची काच विरघळली आणि खाली काळी फट दिसली. पितळ वरच्यावर गोळा झालेलं, आत थेंबही नाही. मी जरा रेटलं तर नळी कट्कन सुटली.

"तियामिकेचे बाबा, हे बघा," मी लामेकला हाक मारली.

त्यानं फटीवरून बोट फिरवलं. "टाकणखारच भेसळीचा. त्या नव्या दुकानदारानं धुण्याचा सोडा मिसळलाय. जा नाफिरी, दुसरीकडून आण."

मी आणला. सांधा घासून त्यानं माझ्यादेखत पुन्हा ज्योत धरली. पूड अजून पांढरी, फुललेली होती, आणि त्यानं कांडी टेकवली.

"थांबा, अजून नाही झालं!"

"तू मला शिकवतेस?" पितळ पुन्हा गोळा झालं. त्यानं आणखी तापवलं तसा टाकणखार जळून काळा पडला.

 तो चहाला गेल्यावर मी जुन्याच पुडीतला, बदनाम झालेला टाकणखार नळीच्या दोन तुकड्यांना लावला आणि ज्योत पेटवली. नितळ झाल्यावर कांडी टेकवली. पितळ पाण्यासारखं आत उतरलं. तो परत आल्यावर, "जुन्याच पुडीतला टाकणखार आहे," म्हणत मी जोडलेला तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं बघितला नाही, अंगठ्याच्या नखानं चाचपला. मग बाकड्यावर बसून राहिला.

"कधीपासून दिसत नाही?" मी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यापासून. ज्योतीमागं नुसतं पिवळं पिवळं. सवयीवर भागवत होतो."

"मला सांगायचं होतं."

"म्हणजे बाजारभर झालं असतं, लामेक बायकोच्या डोळ्यांनी झाळतो."

"होऊ दे की! माझे डोळे काय शेजारणीचे आहेत?"

तो हसला, पण डोळे पुसत. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "पावसाळ्यापासून किती सायकली गेल्या असतील गं?"

शनिवारी त्यानं फुंदानीला सरळ सांगितलं, "सांधा कच्चा राहिला. चूक माझी. पंधरा दिवस दे." मग बसस्टँडवर गेला. सायकलवर माणसं बसवून भाडी मारणारे कबाझावाले तिथं झाडाखाली उभे असतात. तो मोठ्यानं म्हणाला, "गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे सायकल झाळलेली असेल त्यानं परत आणा. फुकट बघतो."

"आता मामी झाळणार, आणि तुम्ही काय न्सिमा शिजवणार?" एकजण ओरडला.

"शिजवीन. आधी तुलाच वाढीन. सायकल आण मुकाट्यानं, नाहीतर सांधा सुटून दात पडतील!"

अकरा सायकली आल्या. गरम पाण्यानं काच काढली तेव्हा तीन सायकलींचे सांधे पोकळ निघाले. ते मी झाळले. तो शेजारी बसून सांगायचा, "घाई करू नकोस. आधी जाड नळी तापव, बारीक आपोआप तापते." माझ्या पहिल्या सांध्याची कड ओबडधोबड झाली, तीही त्यानं चाचपून पाहिली. म्हणाला, "दिसायला घाण असेल, पण पक्की आहे."

फुंदानीची सायकल जूनमध्ये पुरी झाली. ती न्यायला आली तर लामेक माझ्याकडे वळून म्हणाला, "आधी मला ने." आणि मागच्या फळीवर आडवा झाला. मी पेडल मारत बाजाराच्या टोकापर्यंत गेले. खड्डा आला की तो पोट धरून ओरडायचा, "हळू गं बाई, आता होतंय!" भाजीवाल्या बाया हसून बेजार. फुंदानी मागून धावत होती, "आजोबा, जोर लावू नका, दवाखाना लांब आहे!"

ती सायकल घेऊन गेली. आम्ही दोघं चालत परत आलो. रस्ता उंचसखल होता, म्हणून त्यानं माझा हात धरला. भर बाजारात तो असा कधी धरत नसे.