सात्त्विक कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मुळशी तालुक्यात आरोग्यदायी शाकाहाराचा जो काही प्रसार झाला, त्याचा उगम माझ्या बुडाशी आहे. हे मी म्हणत नाही. इंटरनेटवर तसं लिहून आलं होतं, भोवती पानाफुलांची नक्षी होती. एवढंच, की त्याआधी आठ वर्षं माझ्या वाट्याला मटणाशिवाय दुसरं काही आलं नव्हतं.

मित्रांनो, माझा जन्म १९९८ सालचा. पौडच्या बहिरू लोहारानं मला जाड पत्र्यातून ठोकून काढलं आणि दोन कान बसवले. त्यातला एक जरा वाकडा बसला. "वजन बघा," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "कानाकडं काय बघताय?" गिऱ्हाईक म्हणजे कासार आंबोलीच्या सारजाबाई. त्यांनी वजन बघितलं आणि मला घरी नेलं.

सारजाबाईंचे यजमान विठ्ठलराव यांच्या गळ्यात वारकऱ्याची माळ होती. त्यामुळे घरातल्या चुलीवर वशाट, म्हणजे मटण-मासळी, चढत नसे. त्यासाठी परसात तीन दगडांची वेगळी चूल होती आणि त्या चुलीची वेगळी कढई होती. ती मी. जावई आले, भाताची कापणी उरकली, गावची जत्रा आली, की मला बाहेर काढत. पाव्हणे रस्सा ओरपून म्हणत, "सारजाक्का, हाताला चव हाय बगा." कौतुक नेहमी हाताचं होतं. कढईनं त्याची सवय करून घ्यावी.

आठ वर्षांत माझ्यावर तेलाचा आणि रश्श्याचा एक काळाभोर, गुळगुळीत थर चढला. त्याला काही म्हणता काही चिकटत नसे. मग सारजाबाईंच्या मुलानं, जयसिंगनं, रस्त्याकडेचा तुकडा विकला. त्या पैशातून त्यानं घरावर भाड्याच्या दोन खोल्या चढवल्या आणि गॅसची मोठी शेगडी आणली. मी सरपणाच्या छपरात गेले.

२००६ साली त्या खोल्यांत उषाताई आणि शैलेश राहायला आले. लातूरकडचे. शैलेश हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. उषाताई रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या, पण नोकरी नव्हती. त्यांच्या माहेरी आणि सासरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी अंडंसुद्धा आणलेलं नव्हतं. एक दिवस कपडे वाळत घालताना त्यांना छपरात मी दिसले. जयसिंग अंगणात मोबाइलवर कुणाला तरी प्लॉट दाखवायची वेळ देत होता. उषाताईंनी खुणेनं विचारलं. त्यानं कानावरचा फोन न काढता सांगितलं, "घ्या की वैनी. पडलीच हाय."

संध्याकाळी सारजाबाई खाचरातून परत आल्या.

"छपरातली कढई कुटं गेली रं?"

"वरच्या वैनींना दिली."

"आरं मुडद्या! वशाटाची हाय ती! ती बाई अंड्याचं बिस्कीटबी खात न्हाई!"

"मग जाऊन सांग की."

सारजाबाई तरातरा जिना चढल्या. वर दोघं जेवत होते. शैलेश तिसऱ्या पोळीवर होता. "मावशी, काय कढई आहे हो तुमची!" उषाताई म्हणाल्या. "एक भेंडी चिकटली नाही. आणि चव तर अशी, की मलाच खरं वाटेना." सारजाबाई दारातच थांबल्या. ज्याच्या तोंडात घास आहे त्याला असलं काही सांगायचं कसं, हे त्यांना सुचलं नाही. "खावा," एवढंच म्हणून त्या उतरल्या. एरवी सारजाबाई बोलायचं राखून ठेवणाऱ्यातल्या नव्हेत.

महिनाभरात उषाताईंनी ब्लॉग काढला. नाव 'लोखंडी कढई'. वरच्या पट्टीत माझा फोटो, वाकडा कान कापून. कमी तेल, जास्त पालेभाजी, मैदा वर्ज्य, सकाळी उठून कोमट पाणी, असा एकंदर कारभार होता. दुपारी वीज असेल त्या वेळात त्या लिहीत आणि नसेल त्या वेळात शिजवत. मी ओट्यावरून बघत असे. लग्नानंतर त्यांना बाहेरचं कुणी काही विचारलेलं नव्हतं. आता लोक विचारत होते, की उषाताई, नाचणी किती वेळ भिजवायची? त्या उत्तर लिहायच्या, ते खोडायच्या आणि पुन्हा लिहायच्या.

एकदा त्यांनी सारजाबाईंना आपलं लिखाण वाचून दाखवलं: "या कढईच्या काळ्या थरात एका शेतकरी माउलीच्या शुद्ध, सात्त्विक स्वयंपाकाचा संस्कार मुरलेला आहे." विठ्ठलरावांना ठसका लागला.

विठ्ठलरावांची अडचण वेगळीच होती. उषाताई रोज वाटीभर भाजी खाली पाठवत आणि ती कशात झालीय हे त्यांना माहीत होतं. त्यामुळे वाटी आली, की ते म्हणत, "आज उपास हाय." त्या तीन वर्षांत विठ्ठलरावांचे उपास फार वाढले. उषाताईंनी त्यावरही लिहिलं. मथळा होता, 'आमच्या काकांचं लंघनशास्त्र'.

ब्लॉगचे सगळ्यात निष्ठावंत वाचक म्हणजे नाशिकचे निवृत्त पोस्टमास्तर जनार्दनराव. चातुर्मासात कांदाही न खाणारे. प्रत्येक पाककृतीखाली त्यांचं उत्तर असे. "ताई, आपण सांगितल्याप्रमाणे कढईत चाकवत केला. उत्तम झाला. हिमोग्लोबिन नऊवरून अकरावर." उषाताईंनी ते उत्तर शैलेशला दोनदा वाचून दाखवलं. कुणाच्या तरी रक्तात आपल्यामुळे भर पडली, ही गोष्ट साधी नाही.

२००९ साली पुण्याच्या एका मासिकाच्या संपादक आशालताबाई यांचं पत्र आलं. आहार विशेषांकात त्यांना कढईची कथा हवी होती आणि सोबत सारजाबाईंचा मुलाखतीसह फोटो. उषाताई नाचायच्या तेवढ्या राहिल्या. खाली मात्र सुतक.

"फोटू छापून आला, तर जत्रंला जेवल्यालं अख्खं गाव हसंल," विठ्ठलराव म्हणाले.

"हसू द्या गावाला. पोरगी निघून जाईल त्याचं काय?" सारजाबाई म्हणाल्या. मागच्या वर्षी त्यांना रक्तदाबानं गरगरलं, तेव्हा जयसिंग प्लॉटवर होता. दवाखान्यात उषाताईच घेऊन गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उषाताई वही घेऊन खाली आल्या. फोटोसाठी मलाही घासूनपुसून आणलं होतं.

"मावशी, या कढईत पहिली भाजी कसली केली होतीत?"

"बोकडाची."

उषाताईंनी 'बो' लिहिलं आणि हात थांबला.

"म्हणजे?"

"मटणाची कढई हाय ही, उषा. आठ वरीस दुसरं कायबी शिजलं न्हाई हिच्यात. जयसिंगनं दिली त्या दिवशी मी सांगाया वर आले व्हते. तुमी जेवत व्हता."

"मावशी, त्याला तीन वर्षं झाली."

"व्हय. रोज म्हनलं, उद्या सांगू."

उषाताईंनी पाणी मागितलं. सारजाबाईंनी तांब्या पुढे केला. उषाताईंनी आत बघून विचारलं, "यात पाणीच असतं ना?" मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "आणि काकांचे उपास?"

"मला शाबू आवडत न्हाई, पोरी," बाहेरच्या ओट्यावरून विठ्ठलराव म्हणाले. "तीन वरीस खाल्ला."

उषाताई वही मिटून वर गेल्या. संध्याकाळी शैलेशनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरीच म्हटलं, भेंडीला एवढी चव कुठून आली." नंतर त्यालाही घास आठवले असावेत, कारण तो उठून चूळ भरून आला. मग त्यानं तोडगा काढला. "फोटो बदल आणि विषय संपव. इंटरनेटला कुठे वास येतो?"

"जनार्दनराव कांदासुद्धा पंचांग बघून खातात," उषाताई म्हणाल्या. "त्यांना मी संस्कार म्हणून सांगितलंय हे. उद्या त्यांना दुसरीकडून कळलं तर?"

"नाशिकला कोण सांगणार आहे?"

"मीच."

त्यांनी आशालताबाईंना खरं काय ते कळवलं. मासिकात कढईच्या जागी मोड आलेल्या कडधान्यांवरचा लेख आला. मग त्यांनी ब्लॉगवर 'माझ्या कढईबद्दल' असं लिहिलं. काही सजवलं नाही, कुणावर ढकललं नाही. शेवटी एकच ओळ, की मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. मला त्यांनी धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि खाली दारात आणून ठेवलं. सारजाबाई बाहेर आल्या तोवर त्या जिना चढून गेल्या होत्या. शैलेश पिरंगुटला फ्लॅट बघून आल्याचं जयसिंगनं सांगितलं. सारजाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. विठ्ठलरावांनी खरा उपास केला.

ब्लॉगवर चार दिवस शुकशुकाट होता. एकाचंही उत्तर नाही.

मी पुन्हा सरपणाच्या छपरात आले. त्याला आता वर्ष होत आलं. डाव्या बाजूला गंज धरलाय, वाकडा कान ढिला झालाय आणि सध्या माझ्यात एक कोंबडी अंड्यांवर बसते. मित्रांनो, तुमच्या घरी लोखंडी कढई असेल, तर तिला साबणाच्या काथ्यानं खरवडू नका. वर्षानुवर्षांचा थर एका दुपारीत जातो. धुतली, की लगेच पुसा आणि तेलाचं बोट फिरवा. ओली पालथी घालू नका. आणि कढई दुसऱ्याच्या घरची असेल, तर तिला पदव्या देण्याआधी तिच्यात काय शिजत होतं ते विचारा. आम्ही लपवत नाही. आम्हाला कुणी विचारत नाही.

त्या लिखाणाचं पुढे काय झालं, ते राहिलंच. पाचव्या दिवशी उषाताई कागदावर काहीतरी उतरवून घेऊन खाली आल्या. सारजाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. चार दिवसांत दोघी एकमेकींशी अक्षर बोललेल्या नव्हत्या. उषाताई येऊन त्यांच्या शेजारी बसल्या.

"नाशिककरांचं उत्तर आलंय, मावशी."

"लई बोलला का?"

उषाताईंनी वाचलं: "ताई, आपला प्रामाणिकपणा आवडला. मनाला लावून घेऊ नये. माझ्याकडे लोखंडी कढई नाही. मी पहिल्यापासून नॉनस्टिकच वापरतो."