थांबलेली बीजं

चिमट्याच्या टोकाला अडकलेला केस उजेडात धरला की काळा दिसत नाही, तांबूस दिसतो; मुळाशी एक पांढरा थेंब, इवलासा — आणि एवढ्याशा वस्तूसाठी आपण रोज सकाळी दाराला कडी लावून उभं राहतो, असं गौरजाला वाटलं. हनुवटीवरचा एक उपटला की बोटाला दुसरा लागतो. मानेमागचा काळसर पट्टा घासून जात नाही. चार महिने पाळी नाही. आई म्हणते, लग्न झालं की सगळं मार्गी लागतं. रविवारी फोंड्याहून बघायला पाहुणे यायचे आहेत, तोवर कोणाकडे बोलू नकोस, असंही म्हणते — आणि हे सांगताना तिचा आवाज इतका खाली जातो, की वाटावं गौरजानेच काहीतरी केलंय. मी काय केलंय?

कणकवलीच्या कॉलेजात ती अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. मालवणहून रोजची एसटी, रोजची खिडकी. आज मात्र तास संपल्यावर डॉक्टर रश्मींकडे जायचं होतं. रक्ताच्या तपासण्या मागच्या आठवड्यात झाल्या होत्या, आज सोनोग्राफी. आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. जांभा दगड कसा तयार होतो हे फळ्यावर लिहिताना — किती पावसाळे, किती लाख वर्षं — ती मधूनमधून बाटलीतलं पाणी पीत होती, कारण सोनोग्राफीसाठी लघवीची पिशवी भरलेली हवी होती. आणि मुलं जांभया देत होती, आणि लाख वर्षं हा शब्द तिच्या तोंडून नेहमीसारखाच सहज जात होता.

मग ती अंधारी खोली. पोटावर गार, चिकट काहीतरी. डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. ओहोटीला वाळूवरून पाणी मागे सरताना दिसावी तशी करडी हालचाल, आणि त्यात एकदम काळे, गोल ठिपके — कडेकडेने, एकमेकांना लागून, बरेच. वडिलांच्या मावशीला गाठच झाली होती...

"गाठी आहेत का?"

"नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "लहान पिशव्या आहेत, प्रत्येकीत एक बीज. दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात, त्यातलं एक पुढे जातं. तुझी निघतात आणि वाटेत थांबतात." मग पडद्याकडेच बघत त्या सहज बोलल्या, "आणि ही आजची नाहीत बरं का. तू आईच्या पोटात होतीस, तेव्हाच ही तुझ्या पोटात होती."

पुढचं सगळं तिने ऐकलं. याला पीसीओएस म्हणतात. पाळी लांबणं, हे केस, रक्तातले आकडे आणि हा पडदा, सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतंय. पुष्कळ मुलींना असतं. कायमचं निघून जाईल असं औषध नाही, पण हाताशी ठेवता येतं — रोज भरभर चालायचं, भात-साखर आवरायची, झोप मोडायची नाही, रक्तातली साखर अधूनमधून तपासायची. पाळी महिनोन्महिने अडू द्यायची नाही, कारण आतलं अस्तर साचत राहणं बरं नव्हे, त्यासाठी गोळ्या. मूल? बहुतेकींना होतं, कधी थोडी मदत लागते. गौरजा मान हलवत होती. पण मन मागेच, त्या एका वाक्यापाशी राहिलं होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली. आईच्या पोटात मी, माझ्या पोटात ही — म्हणजे तेव्हाची आई, तेवीस-चोवीसची सरला, विहिरीवरून कळशी घेऊन सावकाश पायऱ्या चढणारी, ती एकट्या मलाच वाहून आणत नव्हती. मला नाव नव्हतं, डोळे उघडलेले नव्हते, तेव्हा हे सगळं मोजून-मांडून आत ठेवलेलं होतं... आणि मी त्याच्यावर चिडत होते. ज्याला बिघाड म्हणत होते ते माझ्याहून आधीपासून जागं होतं, निघत होतं, थांबत होतं, पुन्हा निघत होतं — न कंटाळता. लाख वर्षं म्हणताना कधी अंगावर काटा आला नव्हता. आता आला.

जानकीआत्या अंगणात सुकी सुंगटं, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसली होती. वडिलांची ही थोरली बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी आणून सोडली, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. तिच्या हनुवटीवर राठ केस होते. लहानपणी गौरजा ते ओढायची, सगळे हसायचे, आत्याही हसायची. गौरजा आज पहिल्यांदाच तिकडे नीट बघत होती.

ती शेजारी बसली आणि हळूहळू सगळं सांगून टाकलं. आत्याचे हात थांबले.

"माझी पाळी पण अशीच," ती म्हणाली. "सा-सा महिने नाय. माका ह्याच असतला काय गो?"

"असात, आत्या. नक्की सांगूक येणा नाय."

"माझ्या नवऱ्याक कोणी तपासूक नाय. माकाच म्हणी वांझ." आवाजात तक्रार नव्हती. सुंगटांवरून हात फिरवत ती म्हणाली, "माका वाटायचा, माझ्या पोटात कायच नाय. रिकामा."

"नाय गो. खूप होता. जन्माच्या आधीपासून होता."

आत्याने कोळंबीच्या वासाचा आपला तळहात पदराला पुसला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला, नुसता ठेवला — एखाद्या झोपलेल्याला उठवायचं नसावं तसा.

आतून आईने हाक मारली, रविवारी कुठली साडी नेसणार म्हणून. गौरजा उठली नाही. रविवारी त्या माणसांसमोर बोलायचं की नाही, हे तिला अजून कळत नव्हतं. आई रडेल, कदाचित ती माणसं चहा घेऊन निघून जातील. जातील तर... पण ती भीती आता कुठेतरी लांब, किनाऱ्यावरच्या माणसांसारखी लहान दिसत होती. इथे, जवळ, आपलंच शरीर होतं, आणि त्याला काय म्हणून हाक मारावी हेच तिला सुचत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून आज पहिल्यांदा ओळख होत असावी, आणि समोरचं माणूस आपल्याहून कितीतरी मोठं निघावं, तसं काहीतरी वाटून ती नकळत पाठ ताठ करून, सावरून बसली.