कोरड्यासाची खूण

मी एक प्रश्नावली बोलतेय. दचकू नका, तुम्हाला काही विचारणार नाही. विचारून विचारूनच माझं वाटोळं झालं. येलदरीच्या वाटेवरच्या एका शाळेत, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी, मी सुतळीनं बांधून पडले आहे.

माझा जन्म पुण्यातल्या छापखान्यातला. सातवीच्या मुलींना आहाराचे धडे दिले तर त्यांच्या ताटात फरक पडतो का, हे मला शोधायचं होतं. केवढा रुबाब होता माझा! पुढच्या बाजूला वीस प्रश्न, धड्यांच्या आधी आणि नंतर तेच विचारायचे. पाठीवर एकच चौकट: काल भाकरीबरोबर काय खाल्लं? भाजी, वरण, अंडं की काहीच नाही. जिच्या 'काहीच नाही'पुढं खूण होईल, तिला रक्त तपासायला जिंतूरला न्यायचं ठरलं होतं.

मी संघप्रियाच्या वाट्याला आले. बारा वर्षांची, काटकुळी पोर, अक्षर मात्र ठसठशीत. तिची आई सरजाबाई दिवस उगवायच्या आत कापूस वेचायला जायची, म्हणून भाकरी हीच थापायची. हापशावरून कळशी आणताना डोळ्यांपुढं अंधारी येते, असं ती मैत्रिणीला सांगत होती. ते मी ऐकलं होतं.

पहिल्या वेळी तिला वीसपैकी सहा गुण पडले. मग शाळेतल्या राजेश्रीबाईंनी तीन महिने जीव तोडून शिकवलं. लोह कशात, प्रथिनं कशात, शेवग्याचा पाला कसा करायचा, सगळं. दुसऱ्या वेळी एकोणीस! मी फुगून गेले. वाटलं, पोरीचं भलं झालं.

राहिली होती पाठीवरची चौकट. ती भरायला पुण्याहून मनिषाताई आल्या. बाई मायाळू होत्या, उगाच का खोटं बोलू. इकडं भाजी-कालवणाला कोरड्यास म्हणतात, हे राजेश्रीबाईंनी त्यांना आदल्याच भेटीत सांगितलं होतं. पातळ कालवण आणि नाव कोरड्यास, याचं त्यांना भारी हसू आलं होतं. शब्द त्यांनी वहीत टिपूनही घेतला होता.

सोमवार होता. आदल्या दिवशी शाळा नव्हती, म्हणजे खिचडीही नव्हती. मुली व्हरांड्यात रांगेनं उभ्या होत्या.

"काल भाकरीबरोबर काय खाल्लंस गं?"

"कोरडीच खाल्ली, ताई."

"कोरड्यास ना?" ताई हसून म्हणाल्या. शब्द ओळखू आल्याचा आनंद होता त्यांना.

संघप्रियानं मागं वळून पाहिलं. सगळ्या मुली कान देऊन ऐकत होत्या. मान खाली घालून ती म्हणाली, "व्हय."

आणि माझ्या पाठीवर, 'भाजी'पुढं, खूण झाली. मी कागद. ओरडायला मला तोंड कुठं होतं? पेन टेकलं ती जागा अजून दुखते.

दोन मुली जीपमधून जिंतूरला गेल्या. संघप्रिया फाटकाशी उभी राहून बघत होती. आमची बेरीज झाली, उपक्रम परिणामकारक ठरला, आणि आम्ही या खोलीत येऊन पडलो.

दिवाळीनंतर प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली. बाईंनी पाणी मारलं, काय खाऊन आलीस म्हणून विचारलं. तेव्हा कुठं त्या सोमवारचंही खरं कळलं. बाई तडक इथं आल्या, गठ्ठा सोडला, मला शोधून काढलं. तिथंच उभ्या राहून त्यांनी पुण्याला फोन लावला. अहवाल गेला आहे, आता एकेक कागद बदलता येत नाही, असं उत्तर आलं. बाई मला हातात घेऊन पोत्यावर बसल्या.

"तो शब्द मीच शिकवला होता," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिला त्या स्वतःच दवाखान्यात नेणार होत्या. घरी गेल्या तर दाराला कुलूप. मायलेकी ऊस तोडायला गंगाखेडकडं गेल्या होत्या. परत कधी येणार, शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

उंदीर माझी एक कड कुरतडून गेलेत. सगळी खाल्ली तरी तक्रार नाही, फक्त पाठीपासून सुरुवात करा म्हणावं. तुम्ही कधी एखाद्या पोरीला जेवलीस का म्हणून विचारलंत, तर ती "व्हय" म्हणाल्याबरोबर पेन टेकवू नका. तिच्याकडं थोडं बघत थांबा. लोह कशात असतं ते संघप्रियाला तोंडपाठ आहे. आजही कुठल्या तरी फडात ती कोरडीच खात असेल.