आठ लिटर

आठवड्याला आठ लिटर. दौलतराव वैरागड्यांना मिळत होतं ते एवढंच, आणि एवढ्यासाठी ते दर रविवारी उजाडायच्या आत भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या आपल्या क्वार्टरमागे मोटारीपाशी उकिडवे बसत. पायाशी प्लास्टिकचा कॅन, हातात नळी. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. साऱ्या नोकरीत ऑफिसची टाचणी कधी घरी आणली नाही, आणि निरोपसमारंभात कुणीतरी हे बोलून दाखवीलच, अशी ज्यांना खात्री होती, ते हे गृहस्थ.

मागच्या दारात वसुंधराबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"झालं का दूध काढून?"

"हळू बोल न."

"मी हळूच बोलून राहिली. वासच मोठ्यानं बोलते तुमचा. चादरीलेही येते."

स्वतःच्या गाडीतलं पेट्रोल काढायला चोरी कशाला, असं कुणाला वाटेल. पण गाडी दौलतरावांची होती. पेट्रोल त्यांचं नव्हतं.

हिशेब असा. दौलतराव, देवीदास मेश्राम आणि भय्याजी हे तिघंही भिलाईचे रहिवासी, पण तिघांची बदली राजहऱ्याला, पोलाद कारखान्याच्या खाणींच्या ऑफिसात. घरं इथं, खुर्च्या तिकडे. सोमवारी पहाटे निघायचं, शनिवारी संध्याकाळी परतायचं. दिल्लीच्या जावयाने नवीन गाडी घेतली आणि जुनी सासऱ्याला दिली, तेव्हा ठरलं की गाडी आणि ड्रायव्हिंग दौलतरावांचं, पेट्रोल बाकी दोघांचं. एक सोमवार देवीदासचा, एक भय्याजीचा. जाऊन येऊन एकशे ऐंशी किलोमीटर. गाडी लिटरला नऊ देई. म्हणून भिलाईतल्याच सुपेल्याच्या पंपावर ज्याची पाळी तो खिडकीतून सांगे, "बीस लीटर."

नऊ म्हणजे ट्रकची भूक. दौलतरावांनी गाडी सुपेल्याच्या दयाराम मिस्त्रीला दाखवली. दयारामने धुराच्या नळीतून प्लगसारखा एक काळाठिक्कर तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"ये गाड़ी की नाक है साहब. ऑक्सीजन सेंसर. धुआँ सूँघ के इंजन को बताता है कि पेट्रोल कम कर, जादा कर. अब नाक बंद है, तो इंजन पीते जा रहा है. पर यहाँ नहीं मिलेगा. दिल्ली से मँगाओ."

मागवला. जावयाने विकत घेतला, पैसे दौलतरावांनी पाठवले, आणि दिल्लीहून तो आणला देवीदासच्या भावाने. हा कवडू रेल्वेत होता. दोन रात्री सदऱ्याच्या खिशात सांभाळून त्याने ती डबी भिलाईला पोचवली, आणि चहासुद्धा न घेता गेला. सेन्सर बसला. गाडी लिटरला पंधरा देऊ लागली. राजहऱ्याला आता बारा लिटर पुरत.

"मायलेज सुधरलं का भाऊ?" देवीदासने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"थोडंसं," दौलतराव म्हणाले. "खास नाई."

या दोन शब्दांचं मूळ त्यांच्या स्वभावात होतं. सेन्सरचा खर्च एकट्याने केला, तो निघेपर्यंत गप्प राहू, मग सांगू, असा त्यांचा विचार. विचारात तसं खोटं काही नव्हतं. पण शनिवारी टाकीत आठ लिटर शिल्लक दिसले तर सोमवारी प्रश्न येणार, म्हणून रविवारची नळी आली. काढलेलं पेट्रोल मुलाच्या मोटारसायकलला जाई. दिवाळीपर्यंत सेन्सरचा खर्च निघाला. संक्रांत आली तरी नळी सुटली नाही. मिळकतीची अशी सवय लागते की ती कुठून येते हे माणूस बघेनासा होतो.

तर त्या रविवारी ओढ जरा जास्त बसली आणि दौलतरावांचं तोंड पेट्रोलने भरलं. एरवी ते मेंदीच्या कुंपणात थुंकून मोकळे होत. पण नेमका तेव्हाच घराच्या कडेने देवीदास आला.

"भाऊ! इकडं हाय का? मी समोरून आवाज देऊन राहिलो."

दौलतरावांनी नळी ओढून काढली, कॅन पायाने मागच्या चाकाआड सारला आणि ते उभे राहिले. तोंड घट्ट मिटलेलं.

"हूं."

देवीदासने त्यांच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं आणि तो हसला. "खर्रा? सकाळी-सकाळी? वहिनी तर सांगत होत्या, सोडला म्हणून."

दौलतरावांनी मान हलवली. दोन वर्षांपूर्वी बायकोची शपथ घेऊन सोडलेलं तंबाखू-सुपारीचं व्यसन त्यांनी त्या एका होकारात परत घेतलं.

"थुका न मंग. मी थांबतो."

दौलतरावांनी नकारार्थी मान हलवली.

"बरं, राहू द्या. तुमी आयका नुसतं." देवीदासने चप्पल काढून ठेवावी तशी नजर खाली ठेवली. "पोरीचं नागपूरचं सुरू झालं न, मेडिकलचं. होस्टेल हाय, मेस हाय. आता मले वीस लिटरची पाळी नाई झेपत भाऊ. बारा-चौदा असतं तर कसंही ओढलं असतं. पण गाडी पिते, त्याले तुमी तरी काय करान? म्हणून उद्यापासून मी बसनं जातो. वाईट नका मानू."

बारा. आकडा त्याने स्वतःच उच्चारला होता. दौलतरावांनी फक्त 'बाराच लागतात' एवढं म्हणायचं होतं. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. जीभ पेटली होती, हिरड्या पेटल्या होत्या, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अरे! अरे भाऊ!" देवीदास एकदम पुढे झाला आणि त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "डोळ्यात पाणी कावून आणता? मी का नोकरी सोडून राहिलो? रोज भेटूच न राजहऱ्याले. इतकं मनाले लावून नका घेऊ बाप्पा."

तो वळला. दोन पावलं गेला, थांबला, आणि त्याने नाकाने हवा ओढली.

"पेट्रोलचा वास येऊन राहिला."

त्याची नजर मागच्या चाकाकडे गेली. कॅनचं लाल झाकण बाहेर डोकावत होतं. नजर तिथं थोडी रेंगाळली आणि परत आली.

"लीक असन कुठं तरी," देवीदास म्हणाला. "दयारामले दाखवून घ्या."

तो गेल्यावर दौलतराव कुंपणात थुंकले, पुन्हा पुन्हा थुंकले. वसुंधराबाई तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

"सांगाचं होतं न त्याले."

"तोंडात पेट्रोल होतं."

"थुकाचं होतं."

सोमवारी सुपेल्याच्या पंपावर भय्याजीने खिडकीची काच खाली केलीच नाही.

"पहिले हे सांगा दौलतराव, देवीदास गेला, तर आता दर सोमवारी मीच का? मले तुमी काय कुबेराचा भाचा समजले? वीस लिटर दर हप्त्याले! मंग मीही बसमदी बसतो त्याच्या बाजूले."

भय्याजीही गेला तर पेट्रोल दौलतरावांच्याच गळ्यात येणार होतं.

"वीस नको," ते म्हणाले. "बारा टाक."

"बारा? कावून? मागच्या सोमवारपर्यंत तर वीस लागत होते."

सेन्सरचं नाव घ्यावं, तर तो बसला होता दिवाळीच्या आधी. मधल्या महिन्यांचं काय, हा प्रश्न भय्याजीला पंप सोडायच्या आत सुचला असता. दौलतरावांनी समोरच्या काचेवरची धूळ पाहिली.

"एक माणूस कमी झाला न," ते म्हणाले. "वजन कमी झालं."

भय्याजी असा हसला की पंपावरचा पोऱ्या वाकून आत बघू लागला. "देवीदास आठ लिटरचा होता! हे तर कोनी सांगतलंच नाई आमाले!"

गुंडरदेहीपर्यंत तो हसत होता. गुंडरदेहीच्या पुढे त्यांनी पहाटेची बस मागे टाकली. ती गच्च भरली होती, आणि दौलतरावांनी आरशात पाहिलं नाही.

विनोद भय्याजीच्या पोटात राहणारा नव्हता. बुधवारी तो कॅन्टीनमध्ये पोचला. "आठ लिटर, इकडं ये!" कुणीतरी हाक मारली. देवीदास अंगाने काटकुळा, त्यामुळे गंमत जास्तच रंगली. त्याने कारण विचारलं, भय्याजीने नकलेसकट सांगितलं. देवीदास ऐकत राहिला. मग त्याने पलीकडच्या टेबलावर बसलेल्या दौलतरावांकडे पाहिलं. दौलतरावांनी तोंडात घातलेला समोशाचा घास चावला नाही, गिळला नाही. त्या रविवारसारखं तोंड मिटून ते बसून राहिले.

"हो न बा," देवीदास हसून सगळ्यांना म्हणाला. "दिसत नाई, पण मी जड हाय."

हशा झाला. शुक्रवारपर्यंत त्याला देवीदास म्हणणारं ऑफिसात कुणी उरलं नाही.

शनिवारी संध्याकाळी देवीदास पिशवी खांद्याला लावून बसस्टँडकडे पायी चालला होता. दौलतरावांनी गाडी त्याच्या शेजारी घेतली, थांबवली, आणि मागे वाकून दार उघडलं.

"बस देवीदास. पाळी-बिळी काई नाई. बस."

भय्याजी पुढच्या सीटवर गंमत बघायला वळला. देवीदासने उघडं दार पाहिलं, मागची रिकामी सीट पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नको भाऊ," तो म्हणाला. "गाडीले जड होते."

आणि त्याने बाहेरूनच दार लावलं. आपटलं नाही, नीट दाबून, लागलं की नाही ते पाहून लावलं.

गाडी भिलाईत पोचली तेव्हा बारा लिटर बरोबर पुरले होते. त्या रविवारी दौलतरावांनी नळी काढली नाही, काढण्यासारखं टाकीत काही नव्हतं. दिवाळीपासूनचे आठ-आठ लिटर त्यांना मिळाले. एका आड एक सोमवार ते भरले देवीदासने, आणि त्यांची किंमत अजूनही तोच भरत होता, बसच्या दांड्याला धरून, राजहऱ्यापर्यंत उभ्याने.