सामानाच्या खोलीतली मुलं

आत्याच्या पाठाची परीक्षा होती, आणि घरात धावपळ मात्र सगळ्यांची चालली होती. दादा शिंपी. त्याने गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून बहिणीसाठी नवे कपडे शिवले होते. वहिनी त्यांवर इस्त्री फिरवत होती आणि तोंडाने नणंदेला सूचना देत होती. आठ वर्षांची टिकली, दादाची मुलगी, आत्याने कापलेल्या रंगीत कागदाच्या पट्ट्या पिशवीत नीट भरत होती. आत्या आज टिकलीच्याच वर्गावर अपूर्णांक शिकवणार होती. पाठ चांगला झाला की ती शिक्षिका होणार, घराण्यातली पहिली.

तशी आत्या हुशार. मूल जिथे उभं आहे तिथून शिकवायला सुरुवात करावी, चुकलेल्या उत्तराने मूल कुठे अडलंय ते कळतं, असं ती अध्यापक विद्यालयात बोलली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. टिकलीच्या शाळेत एक रीत होती. परीक्षेच्या पाठाला वर्गातली ‘कच्ची’ मुलं उठवून सामानाच्या खोलीत बसवायची, त्यांच्या जागी दुसऱ्या तुकडीतली हुशार मुलं आणायची आणि आदल्या दिवशी प्रश्नोत्तरांची तालीम करून घ्यायची. परीक्षकांना हे ठाऊक असे. तेही असेच पास झालेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, कोण उघडणार?

तालमीच्या दिवशी वर्गाच्या बाईंनी आत्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, “तुमची भाची कच्च्यांतच आहे. तिचं काय करू या?”

“सगळ्यांचं तेच तिचं,” आत्या म्हणाली होती. आपण घरच्या माणसाला सवलत दिली नाही, याचं तिला वर कौतुकही वाटलं होतं.

पाठ दृष्ट लागण्यासारखा झाला. प्रश्न विचारायचा अवकाश, हात वर. एकही उत्तर चुकलं नाही. परीक्षक मान डोलावत होते आणि शेवटी म्हणाले, की मुलं इतकी रमलेली त्यांनी फार दिवसांत पाहिली नव्हती.

पट्ट्या गोळा करून आत्या मुलांना सोडवायला सामानाच्या खोलीकडे गेली. दार ढकललं तर आत मोडक्या बाकांच्या आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मधे मुलं मांडी घालून बसलेली, धुळीने नाकं लाल झालेली. टिकली एका मुलाच्या तोंडावर हात दाबून बसली होती.

“संपला का गं पाठ?” तिने कुजबुजत विचारलं. “याला सारखा खोकला येत होता. मी तोंड धरून ठेवलं. तुला आवाज नाही ना आला?”

तो मुलगा मोकळा होऊन खोकत सुटला आणि आत्या दाराशी नुसती उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली, जन्मात कधी वाटली नव्हती इतकी. अडलेलं मूल ओळखायला ती दोन वर्षं शिकली होती. ओळखलंही होतं, आणि ओळखून अडगळीत बसवलं होतं.

संध्याकाळी पाठ छान झाल्याची बातमी आधीच घरी पोचलेली. दादाने शेजाऱ्यांना बोलावून चहा पाजला. बहिणीकडे पाहत तो लेकीला म्हणाला, “तू तर समोरच होतीस. सांग सगळ्यांना, आत्याने कसं शिकवलं?”

टिकलीने आधी आत्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “छान शिकवलं. मला सगळं समजलं.”

ते पोरीचं खोटं आत्याला सोसवेना. तिने कप खाली ठेवला.

“ती वर्गात नव्हती, दादा. तिला गणित येत नाही म्हणून मी तिला सामानाच्या खोलीत बसवलं. तिच्यासारख्या सगळ्यांनाच.”

शेजारी कपात बघू लागले. दादाचा चेहरा पडला. त्याला स्वतःला शाळेत कोणी पुढे बसवलं नव्हतं, हे घरात कोणी बोलत नसे. तो म्हणाला, “मग आता?”

“उद्या परीक्षकांना उघड सांगते. पाठ पुन्हा घ्या म्हणते, याच मुलांवर.”

“अहो वन्सं, नापास करतील,” वहिनी म्हणाली. “सगळेच तर असं करतात.”

“करू देत नापास. आज मी कोणाला काहीच शिकवलं नाही, वहिनी. ज्यांना येत होतं त्यांच्याकडून वदवून घेतलं.”

टिकली हळूच आत्याजवळ सरकली.

“उद्या मी वर्गात बसले तर चालेल?” तिने विचारलं. “मी हात वर नाही करणार. नुसती बसेन.”

स्वतःच्याच वर्गात बसायला पोर परवानगी मागत होती. आत्याने तिला जवळ ओढलं, पण टिकलीच्या डोळ्यांत बघायचं तिचं धाडस झालं नाही.