दोन कुलपांचं फाटक

खण्णकन आवाज झाला आणि घरातला दोन दिवसांचा अबोला मोडला. धुवायला काढलेला जीवनचा सदरा झटकताना खिशातली किल्ली फरशीवर पडली होती. रागिणीने ती उचलली.

"हे किल्ली कायची?"

"मांगच्या फाटकाची. युनियनचं कुलूप लावलं काल."

"त्याले त साहेबांचं कुलूप हायेच ना!"

"म्हनूनच लावलं. आमची सभा होऊ नये म्हनून त्यायनं फाटक बंद केलं. आता त्यायचा ट्रकही तिथून जानार नाई. पाहूच, कोन वाकते त!"

"अन् आमचे पोट्टे?"

जीवनच्या कपाळाला आठ्या पडल्या. दोन दिवसांपूर्वी सभेत तिने हेच विचारलं होतं, तेव्हापासून तो बोलत नव्हता. "तू कोनाकडून हायेस, आधी ते सांग," एवढं म्हणून त्याने किल्ली हिसकून घेतली.

अकोल्याच्या एमआयडीसीत, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात दोघंही कामाला. तो गठाणी बांधायच्या प्रेसवर आणि युनियनचा सेक्रेटरी. ती कापूस निवडणाऱ्या चौदा बायांपैकी एक. मागच्या फाटकापलीकडे कडुनिंब आणि त्याखाली टिनाचं पाळणाघर. जेवणाच्या अर्ध्या तासात बाया फाटकातून जायच्या, लेकरांना घास भरवून यायच्या. त्याच निंबाखाली युनियन सभा घ्यायची. मॅनेजर सहदेवरावांना ते खुपलं आणि त्यांनी कुलूप ठोकलं. आता रस्त्याने वळसा घालून जायचं तर जाण्यायेण्यातच सुट्टी संपायची.

मग लेकरंच फाटकाशी येऊ लागली. रागिणीची पाच वर्षांची खुशी गजांना पाठ टेकवून बसायची आणि अलीकडून शकुन गजांतून हात घालून तिची वेणी घालायची. शकुन त्या चौदा बायांतलीच, चांदूर रेल्वे गावची, मूलबाळ नसलेली. "हाल्लीस त वाकडी होईन हं!" असं दटावायची आणि मुद्दाम सावकाश गुंफायची.

एका दुपारी जीवन आणि सहदेवराव फाटकाशी समोरासमोर आले. सगळ्यांत जुनी कामगार मनकर्णाबाई पदर खोचून मध्ये उभी राहिली.

"साहेब, तुमी कुलूप लावलं याच्या रागानं. अन् जीवन, तुवा लावलं साहेबाच्या रागानं. कोंडल्या गेलो कोन? आमी!"

"आधी युनियनने त्यांचं काढावं," सहदेवराव म्हणाले. "फाटक कंपनीचं आहे."

"अन् घाम कोनाचा हाय?" जीवन उसळला. "आधी तुमचं काढा. नाई त सडू द्या!"

"हेच येतं तुम्हाला. काम कमी, नारे जास्त!"

"अन् तुमाले कुलूप ठोकनं येते!"

"अरे बापाहो," मनकर्णाबाई ओरडली, "जिनिंगमंदी कापूस हाय, कापूस! आग लागली त तो इचारत नाई, तू युनियनचा का कंपनीचा. भांडा ना, बसून भांडा! पन जायाची वाट काहून अडवता?"

"म्हातारीले साहेबानं चहा पाजलेला दिसते," कोणीतरी मागून टोमणा मारला. हशा झाला. रागिणीला बोलायचं होतं. पण नवऱ्याची नजर पाहून ती कामाकडे वळली.

त्यानंतर चौथ्या दिवशी कापसातून आलेला खडा रोलरवर घासला, ठिणगी उडाली आणि बघता बघता ढीग पेटला! समोरच्या दाराच्या वाटेवरच जाळ होता. चौदाही बाया मागच्या फाटकाकडे धावल्या.

दोन कुलपं!

बाहेरून सहदेवराव किल्ली घेऊन धावत आले. त्यांनी आपलं कुलूप काढलं, फाटक ओढलं. हललं नाही. "जीवन! अरे, जीवनला बोलवा!"

जीवन प्रेसवरून सगळ्या आवाराला वळसा घालून पळत येत होता. तेवढ्या वेळात पेटलेला कापूस उडून बायांच्या अंगावर पडू लागला. रागिणीच्या पदराला पेटलेलं कापसाचं बोंड चिकटलं. शकुनने ते नुसत्या हातांनी चुरगाळलं. मग दुसरं, मग तिसरं. ती थांबलीच नाही.

जीवन पोचला, पण बाया आतून फाटक ढकलत होत्या, कुलूप हिसके खात होतं आणि किल्ली आत जाईना! तेव्हा सहदेवरावांनी ते कुलूप दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "मी धरतो. तू फक्त फिरव."

फाटक उघडलं. चौदाही बाया जिवंत बाहेर आल्या. मनकर्णाबाईने खोकत दोघांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आता जमलं तुमाले."

जीवनने मान खाली घातली. "चुकलं माह्यं, रागिणी," तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाला. सहदेवरावांनी आपलं कुलूप नालीत फेकलं. त्यावर युनियनचंही पडलं.

आज त्या फाटकाला कुलूप नाही. दर सोमवारी कंपनीची चार आणि युनियनची चार माणसं मिळून वाटा मोकळ्या आहेत का, ते पाहत जिनिंगभर फिरतात. त्यांत दोन बाया असतात, एक रागिणी. सभा निंबाखालीच होते. जीवन आणि सहदेवराव अजूनही टेबलावर मुठी आपटून भांडतात, आणि भांडावंच! हक्क मागायचा, हिशेब विचारायचा, आपलं म्हणणं सोडायचं नाही. पण वाचकहो, ज्या वाटेने माणसं जीव घेऊन बाहेर पडतात, ती कोणाच्याही हट्टापायी बंद होता कामा नये. कारखाना दोघांचा असतो, तो एकमेकांना वाकवून चालत नाही. हे कळायला एखादीचे हात जळावेच लागतात का?

परवा जेवणाच्या सुट्टीत रागिणी उघड्या फाटकातून पाळणाघराकडे गेली. खुशी सवयीने गजांना पाठ टेकवून, हातात फणी घेऊन बसली होती. तिने मान वळवली.

"आई, शकुनमावशीच्या पट्ट्या निघाल्यावर तिच्या हातानं माही वेनी घालनं होईन ना व?"